जुन्या धाटणीचे नवे स्वयंपाकघर : शैली, स्मृती आणि ऋण

१

शहरी मध्यमवर्गाच्या सदनिकांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘वाडा पद्धतीचे’ किंवा अधिक सैलपणे ‘पेशवाई’ म्हणून ओळखले जाणारे स्वयंपाकघर दिसू लागले आहे. त्याची लक्षणे आता जवळजवळ ठरून गेली आहेत. ओट्याखालच्या कपाटांना सागवानाचा भास देणारी दारे आणि त्यांवर पितळी कड्या. भिंतीत कमानदार कोनाडा आणि त्यात समई. छताला तुळयांसारख्या दिसणाऱ्या, पण कोणताही भार न वाहणाऱ्या पट्ट्या. उघड्या फडताळात पारदर्शक रोगण दिलेली तांब्यापितळेची भांडी. भिंतीवर सूप आणि रोवळी. आणि एखाद्या कोपऱ्यात जाते. गॅसची शेगडी, धूर ओढून घेणारी चिमणी, मिक्सर, फ्रिज ही सारी यंत्रे अर्थातच असतात. किंबहुना स्वयंपाक त्यांच्यावरच होतो. फक्त ती शक्य तितकी दाराआड राहतील अशी योजना केलेली असते.

साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात या विषयाची चर्चा का करावी, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्याचे उत्तर असे की, हा मूलतः शैलीचा प्रश्न आहे. एखादी शैली एका विशिष्ट जीवनपद्धतीच्या पोटातून घडते. ती जीवनपद्धती मागे पडल्यावर शैली तिच्यापासून सुटी करून दुसऱ्या काळात वापरता येते, हा अनुभव आपल्याला ऐतिहासिक कादंबरी, आर्ष भाषेतील कविता, लोकनाट्याचा घाट घेतलेले प्रायोगिक नाटक यांच्या संदर्भात परिचयाचा आहे. परंतु वाङ्मयात ज्या प्रश्नाला आपण सौंदर्यशास्त्रीय म्हणून मोकळे होतो, तोच प्रश्न स्वयंपाकघरात आला की त्याची नैतिक बाजू झाकता येत नाही. तो प्रश्न असा मांडता येईल : ज्या जीवनाचा भार वाहण्याची आपली तयारी नाही, त्या जीवनाचे रूप धारण करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

मी हा प्रश्न तटस्थपणे मांडते आहे असा आव आणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गतवर्षी आमच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती निघाली. गृहसजावट करणाऱ्या व्यक्तीने जी रेखाटने आणून दाखवली त्यांत कोनाडा होता, तुळया होत्या, आणि माणदेशातल्या गावाहून आणून गच्चीवर पडून राहिलेल्या आईच्या जात्यावर जाड काच बसवून चहाचा चौरंग करण्याची सूचना होती. ती सूचना मला आवडली होती. ती आवडली होती, हीच या लेखामागची खरी अडचण आहे.

२

अशा सजावटीवर पहिला आक्षेप घेतला जातो तो खोटेपणाचा. या आक्षेपाची अभिजात मांडणी जॉन रस्किनने ‘वास्तुकलेचे सात दीप’ या १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली आहे. सात दीपांपैकी एक सत्याचा. ज्या पदार्थाची वस्तू नाही त्या पदार्थाचा भास तिच्या पृष्ठभागावर रंगवणे, जो भाग भार पेलत नाही तो पेलतो आहे असे दाखवणे, हाताने घडवल्याचा देखावा यंत्राकडून करून घेणे, ही सारी रस्किनच्या मते असत्ये आहेत. या निकषावर आपले ‘पेशवाई’ स्वयंपाकघर पहिल्या फटक्यात बाद ठरेल, कारण त्यातील सागवान सागवान नव्हे आणि तुळई तुळई नव्हे.

परंतु रस्किनच्याच विवेचनात या आक्षेपाची मर्यादाही दडलेली आहे. वास्तूवरील सोन्याचा मुलामा तो असत्य मानीत नाही; कारण तेथे कोणीही त्याला भरीव सोने समजत नाही. दागिन्यातला मुलामा मात्र फसवणूक ठरतो. याचा अर्थ असा की, असत्य वस्तूत नसते. वस्तू आणि पाहणारा यांच्यामधील संकेतात असते. सातव्या मजल्यावरच्या सदनिकेतील लाकडी तुळया पाहून हा पेशवेकालीन वाडा आहे असे कोणाही पाहुण्याला वाटत नाही. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या किल्ल्याइतकेच ते निरुपद्रवी आहे. ज्याला फसवायचे असा कोणी उपस्थितच नसेल, तर फसवणुकीचा आरोप टिकत नाही.

शिवाय ‘प्रामाणिक’ स्वयंपाकघर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असे काही शिल्लक उरले आहे काय, हेही पाहिले पाहिजे. आपण ज्याला आधुनिक म्हणतो त्या मांडणीचा एक उगम १९२६ सालच्या ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघरात’ सापडतो. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार स्त्रीने फ्रँकफर्टमधील नव्या कामगार वसाहतींसाठी ते आखले. स्त्रीची पावले आणि श्रम वाचावेत म्हणून प्रत्येक हालचालीचा हिशोब त्यात केलेला होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. अलंकरणाला पूर्ण फाटा देणारे ते स्वयंपाकघर आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेले आहे आणि त्याच्या सरकत्या दारांची, धातूच्या खणांची नक्कल ‘जुनी धाटणी’ म्हणून हौसेने केली जाते. उपयुक्ततेची शैलीसुद्धा शेवटी शैलीच ठरते. तेव्हा एका बाजूला नितळ सत्य आणि दुसऱ्या बाजूला सोंग अशी विभागणी करून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

३

मग ही शैली येते कोठून? ‘पेशवाई’ असे नाव असले तरी तिचा १८१८ पूर्वीच्या स्वयंपाकघराशी असलेला संबंध फार क्षीण आहे. शनिवारवाड्यातील मुख्य इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. कोथरूडचा मस्तानी महाल आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केलेला पाहावा लागतो. दिनकर केळकर यांनी जमवलेल्या दिवे, अडकित्ते, भांडी यांसारख्या वस्तूंनी जुन्या घरगुती जीवनाकडे कलादृष्टीने पाहण्याची सवय महाराष्ट्राला लावली, हे खरे. पण त्या वस्तू अनेक काळांतल्या आणि अनेक प्रदेशांतल्या आहेत. सजावटीतील पेशवाई इतकी एकसंध आणि निश्चित दिसते, याचे कारण ती आपल्याला वाङ्मयाने आणि रंगभूमीने पुरवलेली आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२), तिच्यावर आधारलेली दूरदर्शन मालिका, ऐतिहासिक नाटकांचे नेपथ्य आणि नंतरचे चित्रपट यांनी समई, तक्क्या, पितळी तबक आणि नऊवारी यांचे एक चिन्हभांडार तयार केले. सजावटकार त्या भांडारातून उचलतो. म्हणजे हे स्वयंपाकघर इतिहासाचे अनुकरण करीत नाही. ते इतिहासाविषयीच्या संहितांचे अनुकरण करते. संहितेने संहितेकडे बोट दाखवावे, तसे.

या व्यवहारात काळाची सरमिसळ होणे अपरिहार्य असते. आजीच्या काळची म्हणून जी पितळी वस्तू आपण हमखास मांडतो, ती स्टोव्ह असते. तो ‘प्रायमस’ स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला आहे. तसाच जुनेपणाचा मान मिळवलेला इकमिक कुकर १९१० साली कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी बनवला. दोन्ही वस्तू आपापल्या काळी अत्याधुनिक होत्या आणि चुलीपासून सुटका हेच त्यांचे आकर्षण होते. चुलीच्या स्मृतीशेजारी त्यांना बसवणे म्हणजे फिर्यादी आणि आरोपी यांचे एकत्र छायाचित्र काढण्यासारखे आहे.

जुन्या स्वयंपाकघराचा देखावा मांडणे ही केवळ आपल्याकडची लहर नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६४ साली, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या ब्रुकलिनच्या जत्रेत ‘न्यू इंग्लंड स्वयंपाकघर’ उभारण्यात आले होते. जुन्या वेशातील स्त्रिया तेथे मोठ्या चुलाण्यापाशी वावरत आणि येणाऱ्यांना जुने पदार्थ वाढीत. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात असेच वसाहतकालीन स्वयंपाकघर मांडले गेले आणि त्याच्या शेजारी तुलनेसाठी आधुनिक स्वयंपाकघरही. ओतीव लोखंडाच्या शेगड्यांनी उघडे चुलाणे घराबाहेर काढल्यावर, आणि देश दुभंगलेला असताना, चुलाण्याचे चित्र ‘आपण सारे मूळचे एक’ असे सांगण्यासाठी उपयोगी पडले. त्या ‘साऱ्यां’मध्ये तेथील मूळ रहिवासी नव्हते आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियाही नव्हत्या. गतकाळाचे स्वयंपाकघर उभे करणे म्हणजे एका ‘आपण’ची रचना करणे होय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘आपण’मध्ये कोण मोडते हा प्रश्न तेथेच सुरू होतो.

४

वर्षभरापूर्वी एका परिचितांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही काही सहकारी गेलो होतो. स्वयंपाकघर वर वर्णिले तसे, पण अधिक अभिरुचीने सजवलेले. सगळे कौतुक करीत होते, मीही केले. माझ्या बरोबर आलेल्या एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांची आजी गावकुसाबाहेर राहिली होती, बराच वेळ कोनाड्याजवळ उभ्या होत्या. परतताना मी त्यांना मत विचारले. त्या हसून म्हणाल्या, ‘सगळं अगदी त्या काळासारखं केलंय हो मॅडम. फक्त मी आत उभी होते, तेवढं चुकलं.’

या एका वाक्याने मला जे दिसले ते शैलीविषयीच्या माझ्या वाचनातून दिसले नव्हते. जुन्या स्वयंपाकघराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण पितळ किंवा कमान हे नव्हतेच. त्याचे लक्षण उंबरठा हे होते. कोण कोठवर येऊ शकतो यावर ती सारी वास्तू उभी होती. ज्याला सोवळे म्हणत ती स्पर्शाची एक सविस्तर व्याकरणपद्धती होती आणि तिचा जाच घरातल्या माणसांनाही चुकत नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र उभे केले आहे त्यात विनोद आहे, पण त्या विनोदाखाली घरातल्या बायकांचे हाल आहेत. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणारी स्त्री आणि केशवपनानंतर आयुष्यभर चुलीपुढे राबणारी विधवा, या दोघीही त्या स्वयंपाकघराच्या रचनेचा भाग होत्या. आजच्या सजावटीत त्यांच्यासाठी चिन्ह नाही.

भिंतीवर टांगलेल्या सुपाचे उदाहरण घेऊ. ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे ‘आयदान’ (२००३) हे नावच बांबूच्या विणकामावरून आले आहे. त्यांची आई सुपे, टोपल्या विणून घर चालवी. विणलेल्या वस्तू घेणारी घरे त्या वस्तूंवर पाणी शिंपडून मग त्या आत नेत, हा अनुभव त्या नोंदवतात. सूप आत जात होते; ते विणणारा हात बाहेर राहत होता. आज ते सूप भिंतीवर ‘आपला वारसा’ म्हणून लटकते तेव्हा त्याच्यावरचे पाणी वाळलेले असते, इतकेच. दलित आत्मकथनांनी आणि अलीकडे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) यासारख्या पुस्तकांनी मराठी स्वयंपाकघराचा जो पर्यायी इतिहास लिहिला आहे, त्यातील एकही वस्तू या सजावटीच्या चिन्हभांडारात आलेली नाही. यावरून ते भांडार कोणी आणि कोणासाठी भरले हे कळते.

माझ्या बाबतीत गुंता आणखी वेगळा आहे. आमचे घर शेतकऱ्याचे. सजावटीची रेखाटने आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘एवढं पितळ आपल्या घरात कधी हुतं? एक हंडा हुता, त्यो बी मोडीत घातला.’ स्टीलची भांडी आली तेव्हा पितळ मोडीत देणे हा सुटकेचा आनंद होता, कारण चिंच-राखेने घासणे आणि कल्हईवाल्याची वाट पाहणे दोन्ही संपणार होते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक-आमटी कळकते, हे तिला ठाऊक होते. म्हणजे ज्या गतकाळाचे रूप मी घेऊ पाहत होते तो माझाही नव्हता. तो माझ्या आजीला ज्या वाड्याच्या ओसरीवरूनच परतावे लागे त्या वाड्याचा होता. पण तेवढ्याने मला निर्दोष ठरता येत नाही. त्याच माझ्या आजीने महारवाड्यातील बाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेले मी ऐकून आहे, आणि ते सांगताना घरात कोणाचा आवाज खाली गेलेला मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट सजावटीतून निसटते : धूर. चुलीची कमान घेता येते, धूर कोणी घेत नाही. आणि घेऊही नये. पण आपण ज्याला ‘काळ’ म्हणतो तो सर्वांसाठी एकदम संपत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू घरातील प्रदूषित हवेशी निगडित होते, आणि त्या हवेचे मुख्य कारण लाकूडफाटा, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल असली इंधनेच होती. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, घरोघर सिलिंडर पोहोचले, तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून किंवा तो पुरवून वापरायचा म्हणून चूल पेटवणाऱ्या असंख्य स्त्रिया आपल्याच जिल्ह्यांत आहेत. एकीचा वर्तमानकाळ दुसरीच्या घरात ऐतिहासिक शैली म्हणून मांडला जातो, तेव्हा काळाचे अंतर हे वस्तुतः वर्गाचे अंतर असते.

५

येथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, गतकाळाची ही रूपे त्याज्य आहेत. मला तसे वाटत नाही. विस्मरण हा काही अन्यायाचा परिहार नव्हे. सरसकट पांढऱ्या, गुळगुळीत, कोठल्याही देशात शोभेल अशा स्वयंपाकघरात उंबरठ्याची आठवण नाही, तशीच सूप विणणाऱ्या हाताचीही नाही. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार कल्पिले आहेत. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहते. दुसरी त्या हरवण्यावरच रेंगाळते आणि स्वतःविषयी साशंक असते. हा भेद उपयोगाचा आहे, पण तो माणसाच्या मनोवृत्तीविषयीचा आहे. वस्तूशी कसे वागावे हे तो सांगत नाही. त्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातील औचित्यविचार मला अधिक जवळचा वाटतो.

अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात गळ्यात मेखला आणि कमरेला हार घातल्यास कोणाला हसू येणार नाही, अशा अर्थाचा दृष्टांत दिला आहे. अलंकार योग्य जागी असला तरच अलंकार. जात्यावर काच ठेवून केलेला चौरंग हे उघडउघड असे स्थानभ्रष्ट अलंकरण आहे. मग त्याला हसू का येत नाही? कारण क्षेमेंद्राच्या दृष्टांतात मेखला कोठे घालायची हे पाहणाऱ्याला माहीत आहे असे गृहीत धरलेले आहे. औचित्याची जाणीव वापराच्या स्मृतीवर अवलंबून असते. एम.ए.च्या वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘वैरणे’ या क्रियापदाचा अर्थ मी विचारला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना तो सांगता आला नाही. जाते मात्र सर्वांनी पाहिले होते. अनेकांनी हॉटेलच्या दारात. वस्तू टिकली होती आणि क्रियापद गेले होते. क्रियापद गेल्यावर वस्तूचे काहीही करता येते, आणि ते अनुचित आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याच्या उलट दिशेने झालेले एक काम येथे आठवावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाद्वारे ध्वनिमुद्रणांसह सर्वांसमोर येत आहेत. सजावटकाराने दगड ठेवला आणि आवाज टाकला. या संग्राहकांनी दगड जेथल्या तेथे राहू दिला आणि आवाज ठेवला, गाणाऱ्या बाईच्या नावा-गावासह. ओवीत मायेइतकीच सासरची कुचंबणा आहे, भावाची वाट आहे, आणि बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्यांत बदललेल्या काळाची वार्ताही आहे. दगड जे सांगू शकत नाही, तेच नेमके तेथे बोलले जाते.

तथापि येथे एक खरा नैतिक पेच उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. वस्तूशी एकनिष्ठ राहायचे तर ती वापरली पाहिजे; पितळेला कल्हई, जात्याला टाकी, आणि पहाटे उठून दळणारी बाई हवी. परंतु ते श्रम पुन्हा मागणे म्हणजे ज्या स्त्रियांची त्यांतून सुटका झाली त्यांच्याशी द्रोह करणे. ज्यांना औचित्य अस्सलपणात दिसते त्यांनी, त्या अस्सलपणासाठी कोणाचे मनगट खर्ची पडणार, हे आधी सांगितले पाहिजे. उलट बाजूने, वापर सोडला की वस्तू शोभेची होते आणि शोभेची झाली की तिच्या मागचे मनगट अदृश्य होते. निष्ठा आणि मुक्ती या दोन मागण्या एकमेकींना छेदतात. दोन्ही न्याय्य आहेत, आणि म्हणूनच दोहोंपैकी एक निवडून हा पेच सुटत नाही.

मला जो मार्ग दिसतो तो ऋणाच्या कल्पनेतून. रूप उसने घेणाऱ्यावर ऋण चढते. उसनवारी निषिद्ध नाही, पण ती नाकबूल करता येत नाही. हे ऋण मूळ श्रम पुन्हा करून फेडायचे नसते, तर जे वगळले त्याची नोंद ठेवून फेडायचे असते. नोंद ठेवणे म्हणजे भिंतीवर माहितीचा फलक लावणे नव्हे. वस्तूचे क्रियापद, तिची दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, तिच्यापासून दूर ठेवलेल्या माणसाचा आक्षेप, यांना घरात जागा असणे म्हणजे नोंद. माझ्या सहकारी त्या कोनाड्याविषयी जे बोलल्या ते यजमानांसमोर बोलता आले असते, आणि ते ऐकून यजमानांना कोनाडा काढून टाकावासा न वाटता त्याच्याविषयी बोलावेसे वाटले असते, तर ते स्वयंपाकघर मी ऋणमुक्तीच्या वाटेवर आहे असे म्हटले असते. मीही त्यांना परतीच्या वाटेवर विचारले, घरात नव्हे, हे येथे नोंदवले पाहिजे.

६

काचेच्या चौरंगाची कल्पना आईपुढे मांडली तेव्हा तिने विचारले, ‘ह्यात दळायचं नसंल तर कशाला ठिवायचं गं?’ आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘टाकी लावल्याबिगर दळणार बी न्हाई ते.’ जाते वापरून गुळगुळीत झाले की त्याच्या अंगावर टाकीने पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. हे काम करीत गावोगाव हिंडणाऱ्या टकारी समाजाला इंग्रजी अमदानीत गुन्हेगार जमात ठरवण्यात आले. १८७१ साली प्रथम झालेला तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि टकारी ‘विमुक्त’ म्हणून नोंदले गेले. घरोघरीच्या भाकरीचे पीठ ज्यांच्या टाकीवर अवलंबून होते ते शासनाच्या दप्तरात जन्मतः चोर होते. आईला कायदा ठाऊक नव्हता. पण टाकीवाला आला की भांडी आत घ्यायची, ही तिच्या सासूची सूचना तिला नीट आठवत होती.

शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे घडवून विकणारे एक कुटुंब बसते. त्यांच्यातला एकजण येऊन जात्याला टाकी लावून गेला. त्याचा बाप हेच काम करीत पायी फिरे. तो स्वतः आता बहुतेक हॉटेलांसाठी शोभेचे पाटे घडवतो, असे त्याने सांगितले. काम चालू असताना आईने त्याला चहा दिला, घरातल्याच कपात. त्याने तो दाराबाहेर जिन्यावर बसून घेतला. ‘आत ये की रे,’ असे ती दोनदा म्हणाली. ‘हितंच बरं हाय, आजी,’ असे तो दोन्ही वेळा म्हणाला. त्याला आत आणण्यासाठी आणखी काय म्हणायला हवे होते, हे मला सुचले नाही.

तो गेल्यावर आईने पदर खोचला, मूठभर हरभऱ्याची डाळ वैरली आणि खुंटा धरला. चार-पाच मिनिटे दळले असेल. ओवी म्हणेल अशी मला आशा होती. ती म्हणाली नाही. थांबून तिने हात झटकले आणि म्हणाली, ‘पुरे. गिरणीच बरी बाई.’

स्वयंपाकघर शेवटी साधेच झाले. कोनाडा नाही, तुळया नाहीत. जाते सज्जात आहे, उघडे, टाकीचे घाव दिसतील असे. येणारे विचारतात तेव्हा मी वरील सारे सांगते, आणि सांगताना मला हेही जाणवते की, ते सांगणे हाही हळूहळू एक अलंकार होऊ लागला आहे. ऋण फेडण्याची भाषासुद्धा शोभेची होऊ शकते. तिच्यावर पुन्हा टाकी लावण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवते. कारण वाङ्मयाच्या अभ्यासकांचे काम त्याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.